बियाण्याचे मडके

धान्य साठवण्याच्या दोन रीती आमच्या मराठवाड्यात फार जुन्या. एक पेवाची. गावाजवळच्या उंचवट्यावर खोल खड्डा घ्यायचा, तो आतून कोरडा ठणठणीत करायचा आणि खंडोगणती ज्वारी ओतून त्याचे तोंड बुजवून टाकायचे. दुसरी रीत मडक्याची. पुढच्या पेरणीचे बी निवडायचे, उन्हात वाळवायचे, राखेत घोळायचे आणि उतरंडीतल्या एका मडक्यात ठेवून द्यायचे. हे काम घरच्या बाईचे. पेव मोठे खरे, परंतु ते एकाच्या मालकीचे आणि एका जागी. त्यात पाणी शिरले की सगळेच नासले. मडकी लहान, पण शंभर घरी शंभर. दहा घरांचे बी किडले तरी गावाची पेरणी अडत नसे. शेजारणीकडून पायलीभर आणायचे आणि सुगीला सवाईने परत करायचे, एवढाच काय तो व्यवहार.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा शेतकीचा धडा कशाला, असे वाचकांना वाटेल. परंतु मला सांगावयाचे आहे ते ज्वारीविषयी नाही, व्हिडिओंविषयी आहे. आज घरोघरी जी चित्रे टिपली जातात, बारशाची, मुंजीची, आजीच्या पंच्याहत्तरीची, ती सगळी आपण कोणाच्या तरी पेवात नेऊन ओततो. पेवाचा मालक सात समुद्रांपलीकडे असतो. मडक्याची रीत या बाबतीत चालते का, आणि चालवायला काय पडते, याचा आम्ही काही माणसांनी परभणीत बसून अनुभव घेतला. तोच येथे सांगते.

मी एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. निवृत्त झाल्यावर कोणी काशीला जाते, कोणी गुडघ्यांच्या डॉक्टरकडे. मी ओव्यांचा नाद धरला. आमच्या जिल्ह्यात हा नाद लागणे अगदी साहजिक आहे. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव, आणि तिच्या जात्याशी प्रत्यक्ष विठ्ठल दळायला बसे ही कथा इथले लहान मूलही सांगते. शिवाय या कामात मोठ्यांनी वाट घालून दिलेली होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्यातच स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातली हजाराहून अधिक गावे धुंडाळून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तो ठेवा आज ‘पारी’ या पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या संग्रहात वाचता-ऐकता येतो. आमच्याच जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. तो ऐकला आणि मनात आले, अजून आपल्या आसपास किती आवाज असे नुसतेच विरून जात असतील!

मी आणि माझ्या दोन मैत्रिणी मोबाईल घेऊन निघालो. पूर्णा, पालम, सेलू, जिंतूर अशा तालुक्यांतून सहा वर्षांत एकशे त्रेचाळीस चित्रफिती झाल्या. नुसता आवाज टिपून का भागले नाही, असे कोणी विचारते. जात्याचा खुंटा दोघींच्या हातात कसा फिरतो, एकीची ओळ दुसरी नुसत्या नजरेने कशी उचलते, माहेरचे नाव आले की हात क्षणभर कसा थबकतो, हे आवाजात दिसत नाही. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. एक ओवी कागदावर लिहिली तर चार ओळी. तीच दहा मिनिटांच्या चांगल्या चित्रफितीत घेतली तर एक जीबीहून जास्त. आमचा सगळा संग्रह दीडशे जीबीच्या पुढे गेला.

तो आम्ही, जग ठेवते तसाच, एका मोठ्या विदेशी कंपनीच्या जागेवर ठेवला होता. फुकट जागा, झकास चित्र, कोठूनही पाहा. एके सकाळी खाते बंद! दोन ओळींची इंग्रजी सूचना आली : नियमांचा भंग झाला आहे. कोणत्या नियमाचा, कोणत्या ओवीत, ते सांगितलेले नव्हते. मी पत्रे लिहिली. उत्तरे यंत्राने दिली. एकोणिसाव्या दिवशी खाते जसे गेले तसेच मुकाट्याने परत आले.

पण मधल्या अकराव्या दिवशी पालमजवळच्या एका गावातून फोन आला. आमच्यासाठी गायलेल्या एक आजी गेल्या होत्या. नातू म्हणाला, “मॅडम, तेराव्याला आजीचा आवाज लावायचा होता. मोबाईलवर बघतो तर काहीच दिसंना.” मूळ प्रत माझ्या कपाटातल्या डिस्कवर होती. पेनड्राइव्हवर उतरवून त्या गावाकडे एस.टी.ने रोज जाणाऱ्या एका शिक्षकांच्या हाती दिली आणि तेराव्याला आजी गायल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. या बाईचा आवाज पृथ्वीच्या पाठीवर दोनच ठिकाणी होता. एका ठिकाणाला कुलूप लागले होते, आणि दुसरे ठिकाण म्हणजे पापडाच्या डब्याशेजारी ठेवलेली तळहाताएवढी पेटी.

पेवे बुजतात, ही काही नवलाची गोष्ट नव्हे. २०१४ साली ऑर्कुट बंद झाले. २०२० च्या २९ जूनला सरकारने टिकटॉकसह एकोणसाठ ॲपांवर बंदी घातली. तिची कारणे राष्ट्रीय होती आणि तो विषय निराळा. पण खेड्यापाड्यांतल्या ज्या पोरांनी नाच-गाणी दुसरीकडे कोठे ठेवलीच नव्हती, त्यांना आपलीच कला दिसेनाशी झाली, हेही खरे.

त्याच दिवाळीत माझा पुण्याचा भाचा आला. तो संगणकातला माणूस. म्हणाला, “मावशी, मालकच नको असेल तर सगळ्यांनी मिळून ठेवायचं.” आणि चकल्या संपेपर्यंत त्याने जे समजावले ते असे.

२००१ साली ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने बिटटॉरेंट नावाची युक्ती काढली. मोठ्या फाइलीचे लहान लहान तुकडे करायचे. ज्याला ती हवी त्याने तुकडे ज्याच्याकडे असतील त्याच्याकडून घ्यायचे, आणि घेता घेता आपल्याजवळचे इतरांना द्यायचे. मागणारे वाढले की देणारेही वाढतात. ज्याच्याकडे सगळे तुकडे आहेत आणि जो ते देत राहतो, त्याला त्या लोकांच्या भाषेत ‘सीडर’ म्हणतात, म्हणजे बी देणारा. घेऊन पसार होणाऱ्याला म्हणतात जळू! पुढे फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट या ना-नफा संस्थेने याच तत्त्वाचा उपयोग करून पीअरट्यूब तयार केले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये आली. त्यात कोणीही आपले छोटे केंद्र थाटावे, केंद्रांनी एकमेकांशी ओळख ठेवावी, एकाच्या चित्रफितींची प्रत दुसऱ्याने आपणहून सांभाळावी, आणि पाहणाऱ्यांनी पाहता पाहता तुकडे वाटून घ्यावेत.

शेंगा सोलत बसलेल्या माझ्या सासूबाई हे सगळे ऐकत होत्या. वय शहाऐंशी, शिक्षण दुसरी. म्हणाल्या, “अरे लेकरा, ही तर सावड झाली. आज माझ्या रानात तुझे बैल, उद्या तुझ्या रानात माझे.” भाच्याने त्यांच्याकडे आदराने पाहिले. मग त्या म्हणाल्या, “पण सावडीत ज्याचा बैल आजारी पडतो त्याचं काय करता?”

या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमची पुढची दोन वर्षे गेली.

पहिला अडथळा दाराचा. आमच्या जुन्या वाड्याला एकच दिंडीदरवाजा होता आणि आत सात बिऱ्हाडे, सगळी एकाच आडनावाची. पोस्टमन बाहेरून आडनावाने हाक मारी, आणि कोणी ओ द्यायची हे कोणालाच कळत नसे. मोबाईलच्या जाळ्यात हेच घडते. पुष्कळशा ग्राहकांना मिळून बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता असतो. आतल्याने बाहेर जाऊन काही मागितले तर ते बरोबर त्याच्या हाती येते. पण बाहेरच्याने आपणहून कडी वाजवली तर ती कोणासाठी, हे ठरत नाही. म्हणून सेलूच्या मोबाईलला जिंतूरच्या मोबाईलकडून तुकडा घ्यायचा तर पुष्कळदा चौकात तिसरा माणूस उभा करावा लागतो. त्याला भाडे पडते. मालक नको म्हणून निघालो आणि पुन्हा भाडेकरू झालो!

दुसरा अडथळा वाटेच्या रुंदीचा. गावाकडच्या मोबाईलवर उतरवून घ्यायची वाट रुंद आणि चढवायची वाट अरुंद. रोजचा डेटा ठरलेला. सेलूच्या आमच्या मैत्रिणीने उत्साहाने पुष्कळ फिती इतरांना वाटल्या, आणि संध्याकाळी तिच्या सुनेला मुलाच्या शाळेचा निरोप उघडेना. घरात जो संवाद झाला तो ओवीबद्ध करण्यासारखा होता, पण आम्ही टिपला नाही.

तिसरा यंत्राच्या अंगमेहनतीचा. कोणाची वाट रुंद, कोणाची अरुंद, म्हणून एकाच फितीच्या मोठ्या, मध्यम, लहान अशा तीन-चार आवृत्त्या कराव्या लागतात. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी कारखाने आहेत. आमच्याकडे भाच्याचा जुना संगणक. एका फितीला तास-दीड तास लागे, आणि परभणीच्या मे महिन्यात तो बिचारा असा तापे की आमचे ‘हे’ म्हणत, पापड वाळत घालायला गच्चीवर जायची गरज नाही.

चौथा विजेचा. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की घरचे केंद्र बंद, आणि ज्याने त्याच वेळी ओवी मागितली त्याच्यापुढे नुसते गोल गोल फिरणारे चक्र. तेही जात्यासारखेच, पीठ मात्र पडत नाही.

परंतु हे सगळे अडथळे पैशाने आणि युक्तीने थोडेफार ओलांडता येतात. खरा अडथळा पाचवा, आणि तो मला फार उशिरा उमगला. ही वाटून घेण्याची युक्ती गर्दीवर चालते. क्रिकेटचा सामना असेल, नवा चित्रपट असेल, तर एकाच वेळी हजार माणसे पाहतात आणि हजारजण एकमेकांना तुकडे देतात. आमची पालमची आजी पंधरा दिवसांतून एखादा माणूस पाहतो. त्या क्षणी दुसरे कोणीच तिथे नसते. मग तुकडे कोणाकडून घ्यायचे? सगळा भार पुन्हा त्या एकट्या केंद्रावर. ज्याच्या अंगणात आधीच गर्दी, त्याला सावड भरपूर मिळते. एकाकी म्हातारीच्या रानात बैल घेऊन कोणी आपोआप येत नाही.

दुसऱ्या युक्त्यांचेही तेच. आयपीएफएस नावाची एक पद्धत २०१५ पासून निघाली आहे, हुआन बेनेट यांची. तिच्यात वस्तू कोठे ठेवली यावरून नाही, तर तिच्या ठशावरून, म्हणजे तिच्या अंगच्या खुणेवरून ती शोधतात. कल्पना फार सुंदर. पण तिथेही कोणी तरी त्या वस्तूला ‘पिन’ लावून, म्हणजे टाचून, ठेवावे लागते. टाचलेली नसेल तर यंत्र जागा रिकामी करताना ती खुशाल पुसून टाकते. कोणतेही यंत्र प्रेमाने काही जपत नाही. ते माणसालाच करावे लागते.

म्हणून आम्ही यंत्रावरचा भरवसा थोडा कमी केला आणि माणसांची पाळी लावली. परभणी, गंगाखेड, पुणे, नागपूर आणि न्यू जर्सीला असलेली माझी पुतणी, अशी पाच घरे ठरली. प्रत्येक घरी सगळ्या फितींची पूर्ण प्रत. एक छोटे भाड्याचे यंत्र चौकात उभे केले. त्याचा खर्च पाच घरांत वाटला की महिन्याला एका वेळच्या भाजीएवढा पडतो. फिती चढवण्याची मुभा फक्त या पाचांना, कारण उघड्या दाराने पाहुण्यांबरोबर चोरही आत येतो, आणि रात्रंदिवस राखण करायला आमच्याकडे माणसे नाहीत. मोठ्या कंपनीच्या जागेवरही फिती राहू दिल्या. बाजारात दुकान असावे, पण बी घरात.

आणि दर एकादशीला मोजदाद. पाचही घरी त्या दिवशी यंत्र सुरू करून प्रत्येक फितीचा ठसा मूळ ठशाशी ताडून पाहायचा. हे कशासाठी, असे वाटेल. नकला वाढल्या की चुकाही वाढतात, हे आपल्याकडे गोदाकाठालाच आधी कळले होते. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत पाठभेद शिरले, तेव्हा पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली. त्यांना जे डोळ्यांनी आणि बुद्धीने करावे लागले त्याचा अगदी यांत्रिक भाग आता संगणक मिनिटांत करतो. गेल्या आषाढीला पुण्याच्या प्रतीतील तीन फिती नासलेल्या निघाल्या. डिस्क थकली होती. गंगाखेडहून त्या पुन्हा पुण्याला गेल्या. जनाबाईच्या गावाहून पुण्याला बी गेले, याचे सासूबाईंना फार समाधान वाटले.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती सगळ्यांत जड आहे. पूर्णा तालुक्यातल्या एका बाईंनी आमच्यापुढे सासरच्या जाचाच्या ओव्या गायल्या होत्या, नावे घेऊन. परवानगी रीतसर घेतलेली होती. दोन वर्षांनी त्यांच्या नातीची सोयरीक जमत होती. त्या मुलाला घेऊन एस.टी.ने परभणीला आल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “बाई, गायले ते खरं हाय. पण आता ते लोकांपुढं नको.”

त्याच संध्याकाळी पाचही घरांतून ती फीत काढली. चौकातल्या यंत्रावरून काढली. मोठ्या कंपनीकडून काढली. ओळखीच्या एका परदेशी केंद्राने आमच्या फितींच्या प्रती आपणहून ठेवल्या होत्या. तिथल्या माणसाला पत्र लिहिले. त्याने दोन दिवसांत काढली. पण मधल्या काळात कोणी उतरवून घेतली असेल तर तिच्यापर्यंत पोचायला आमच्याकडे वाटच नव्हती. पेवाच्या मालकाला निदान एक कुलूप लावता येते. मडकी घरोघर गेली की कुलूप कोठे लावणार? हे मी त्यांना जसेच्या तसे सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी विचारले, “किती जणांनी पाह्यलं आसंल?” मी आकडा पाहिला. एक्केचाळीस. त्या किंचित हसल्या. “आमच्या गल्लीतल्या हळदीला याच्याहून जास्त बाया आसत्यात,” असे म्हणून पदर सावरत उठल्या.

त्यांच्या हसण्याने माझे ओझे हलके झाले, पण प्रश्न सुटला नाही. जे पुसले जाऊ नये म्हणून इतकी खटपट करायची, तेच कोणाला पुसावेसे वाटले तर? तेव्हापासून मोबाईल काढण्यापूर्वी आम्ही प्रत्येकीला एक वाक्य सांगतो : “मावशी, हे बी आहे. एकदा वाटलं की सगळं परत गोळा करता येणार नाही.” बहुतेक जणी मान हलवून जात्याला हात घालतात. दोघी मात्र म्हणाल्या, “मग ते यंत्र ठेव पिशवीत, आणि नुसतं ऐक.” आम्ही नुसते ऐकले. त्या ओव्या आमच्या संग्रहात नाहीत. सासूबाईंच्या प्रश्नालाही एकच उत्तर सापडले आहे : ज्याचा बैल आजारी त्याच्या घरी शेजाऱ्याने विचारायला जायचे. गेल्या वर्षी नागपूरच्या घरी आजारपण आले, यंत्र तीन महिने बंद होते. एकादशीच्या मोजदादीत ते पहिल्याच खेपेला कळले, आणि ती पाळी सेलूच्या मैत्रिणीने घेतली. तिच्याकडे आता घरी तारेचे इंटरनेट आले आहे, आणि सुनेचाही राग गेला आहे.

वाचकहो, दिवाळीची साफसफाई नुकतीच झाली असेल. कपाटात मागे कोठे तरी एखादी डिस्क, एखादा जुना मोबाईल सापडला असेल. त्यात कोणाचा तरी आवाज असेल, वडिलांचा, आजीचा, परगावी गेलेल्या बहिणीचा. भाऊबीजेला सगळी घरे एकत्र येतील, तेव्हा फराळाच्या डब्याबरोबर त्याची एक एक प्रतही वाटा. मात्र वाटण्यापूर्वी, तो आवाज ज्याचा आहे ते माणूस घरात असेल, तर आधी त्याला विचारा.